हत्यारे कुठे टांगावीत?

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या यवतमाळात दोन ठिकाणी झाडलोट निघते. एक घरात आणि दुसरी छापखान्यात. घरातली झाडलोट लक्ष्मीसाठी असते, तर छापखान्यातली लग्नसराईसाठी. तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने लागू लागतात. कापसाचे दोन पैसे हाती येतात आणि दिग्रसपासून घाटंजीपर्यंतची वधूपित्यांची मंडळी पत्रिकांचे नमुने चाळत दुकानात बसू लागतात. त्या गर्दीत यंत्राने डोळे वटारून चालत नाही. म्हणून जे काही बदलायचे, नवे आणायचे, ते दिवाळीच्या आत.

यंदा ह्या झाडलोटीत माझ्या एका स्नेह्यांच्या छापखान्यात मोठा वाद माजला. वादाचा विषय ऐकून तुम्ही हसाल. संगणकावर चित्रे काढण्याचे आणि पाने जुळवण्याचे जे सॉफ्टवेअर असते, त्यातली बटणे कुठे असावीत, हा तो विषय! एका बाजूला तीस वर्षे तिथे काम करणारे ऑपरेटर. त्यांना सारे 'मामा' म्हणतात. दुसऱ्या बाजूला मालकांची कन्या. पुण्याला कलेचे शिक्षण घेऊन नुकतीच घरी परतलेली. मध्ये बिचारे मालक. आणि त्यांच्याकडे चहाला गेलेला मी.

ताईचे म्हणणे, जुने सॉफ्टवेअर काढून नवे घ्यावे. जुन्यात युनिकोड चालत नाही. गिऱ्हाईक मोबाईलवरून मजकूर पाठवते तो सगळा पुन्हा टंकावा लागतो. मामांना हे मान्य होते. त्यांचे दुखणे वेगळे होते. ते म्हणाले, "पोरी, तुहं खरं हाय. पन नव्यात एकबी चीज जाग्यावर नाही. माह्या बोटाइले कोन समजावन?"

वरवर पाहता हा म्हाताऱ्या माणसाचा हेका वाटतो. पण जरा थांबा. अडकित्ता कसा वापरावा ह्याची पुस्तिका कुणी छापत नाही. त्याला दोन दांडे आणि एक पाते. चित्रकामाच्या सॉफ्टवेअरचे तसे नाही. त्यात शेकडो आज्ञा असतात आणि पडदा असतो वीतदीडवीत रुंदीचा. सगळ्या आज्ञा समोर मांडल्या तर चित्र काढायला जागा उरत नाही. सगळ्या कपाटात कोंबल्या तर हव्या त्या वेळी सापडत नाहीत. मग समोर काय ठेवायचे, आत काय ठेवायचे, कोणते बटण केवढे करायचे, हे कुणीतरी ठरवावे लागते. तुमच्या स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा हाताशी असतो आणि अनारशाचे पीठ वरच्या फळीवर असते, ते काही आपोआप नव्हे. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली प्रयोगांवरून दाखवून दिले की एखाद्या जागी हात नेण्यास लागणारा वेळ त्या जागेच्या अंतरावर आणि तिच्या आकारावर अवलंबून असतो. जवळचे आणि मोठे ते लवकर सापडते. आपल्या आज्यांना हे फिट्ससाहेबांच्या आधीपासून ठाऊक होते, पण त्यांनी निबंध लिहिला नाही.

मामांच्या बोटांचाही एक इतिहास आहे. मिसरूड फुटायच्या आधी ते एका छापखान्यात जुळारी म्हणून उभे राहिले. शिशाचे खिळे, खणाखणांची पेटी, आणि डाव्या हातात स्टिक. पेटीतले खण बाराखडीच्या क्रमाने नसत. जे अक्षर फार लागते त्याचा खण हाताशी आणि मोठा, जे क्वचित लागते ते दूर. इंग्रजीत मोठ्या अक्षरांना 'अप्पर केस' आणि लहानांना 'लोअर केस' म्हणतात तेही ह्या पेट्यांच्या वरखाली मांडणीवरूनच. जुळारी पेटीकडे पाहत नसे. त्याची नजर हस्तलिखितावर आणि बोटे खणांत. १९७३ साली यवतमाळला गदिमांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्या काळी छपाई म्हणजे हेच. २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा यवतमाळलाच संमेलन भरले, तोवर खिळे भंगारात जाऊन किती वर्षे झाली होती! मामांनी ही पेटी सोडली, संगणक धरला, आणि एकदा नव्याने उमेदवारी केली. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी तिसऱ्यांदा उमेदवारी करा, असे त्यांना सांगणे चालले होते.

त्यांच्या अडचणीचा कळसाध्याय म्हणजे पहिली वेलांटी. 'कि' हे अक्षर लिहिताना वेलांटी डावीकडे येते, म्हणजे आधी दिसते. टंकलेखन यंत्रावर कागद एकाच दिशेने सरकतो, म्हणून तिथे वेलांटी आधी मारायची आणि मग क. जुन्या रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकाची बोटांना हीच सवय. पण १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी जे मानक ठरवले त्यातला 'इन्स्क्रिप्ट' कळफलक उच्चाराच्या क्रमाने चालतो. आधी क, मग वेलांटी. त्याची मांडणी फार शहाणपणाची आहे, ह्यात शंका नाही. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. क च्या कळीवरच शिफ्ट दाबले की ख, ग च्या कळीवर घ. एक मांडणी शिकलात की बंगालीतला क आणि तमिळमधला क त्याच कळीवर सापडतो. नव्याने शिकणाऱ्याला ह्यासारखी सोपी वाट नाही. पण ज्याची बोटे तीस वर्षे वेलांटी आधी मारत आली, त्याच्यासाठी ही सोपी वाट म्हणजे उलट्या पायांनी चालणे. 'किरण' लिहू गेले की वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते.

तुम्हांला वाटेल, हे भांडण फक्त आमच्या यवतमाळचे. मुळीच नाही. जगभर हेच चालले आहे, आणि मोठमोठे चित्रकार त्यात हमरीतुमरीवर आले आहेत.

फोटोशॉपचे उदाहरण घ्या. १९९० साली ते बाजारात आले. त्यात चित्र लहानमोठे करताना लांबी-रुंदीचे प्रमाण राखायचे तर शिफ्टची कळ दाबून धरावी लागे. २०१८ च्या ऑक्टोबरात आलेल्या आवृत्तीत हे उलटे केले. प्रमाण आपोआप राखले जाऊ लागले आणि शिफ्ट दाबली की ते मोडू लागले. नव्या माणसाच्या दृष्टीने हा बदल योग्यच. कुणाच्या फोटोतला चेहरा भोपळ्यासारखा फुगवावा, अशी इच्छा सहसा कुणाला नसते. पण ज्यांच्या बोटांना शिफ्टची सवय जडली होती, त्यांचे नेमके तेच होऊ लागले! त्याच वेळी केलेली चूक मागे घेण्याच्या कळीचीही चाल बदलली. आरडाओरड झाली, अखेर जुन्या सवयींसाठी वेगळी सोय ठेवावी लागली.

गिंप नावाचे एक फुकट मिळणारे चित्रसॉफ्टवेअर आहे. त्यात हत्यारांची चौकट वेगळी, चित्राची वेगळी, अशा सुट्या चौकट्या पडद्यावर तरंगत असत. लोक वर्षानुवर्षे कुरकुरले. २०१२ साली सगळे एका चौकटीत मांडण्याची सोय आली, आणि २०१८ च्या आवृत्तीपासून तीच मूळ मांडणी झाली. जुनी हवी त्याला ती निवडता येते. पण त्याच २०१२ च्या आवृत्तीत त्यांनी 'जतन करणे' आणि 'निर्यात करणे' ह्या दोन आज्ञा वेगळ्या केल्या. म्हणजे चित्र सर्व थरांसह ठेवायचे तर पहिली आज्ञा, आणि साधा फोटो काढून द्यायचा तर दुसरी. तर्काला धरून आहे. थर नाहीसे होऊन काम वाया जाण्याचा धोका टळतो. तरी ज्याला फक्त एका फोटोची कड छाटायची होती, तो वैतागला. दोघांचेही बरोबर होते, कारण दोघांचे काम निराळे होते.

आणि ब्लेंडर! हॉलंडातल्या एका स्टुडिओत स्वतःच्या वापरासाठी लिहिलेला हा त्रिमितीय चित्रांचा प्रोग्रॅम. पुढे तो बंद पडण्याची पाळी आली, तेव्हा २००२ साली चाहत्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून तो विकत घेतला आणि सर्वांसाठी मोकळा केला. असे प्रेम फार थोड्या हत्यारांच्या वाट्याला येते. पण त्याची एक विचित्र रीत होती. साऱ्या जगात वस्तू निवडायला माउसचे डावे बटण दाबतात, ह्यात उजवे दाबावे लागे. जुने जाणते म्हणत, हीच रीत उत्तम, हाताला ताण पडत नाही. नवे लोक पहिल्याच क्लिकला गोंधळून परत जात. अखेर जुलै २०१९ मध्ये आलेल्या २.८० ह्या आवृत्तीत डावे बटण हा मूळ नियम झाला. उजवे हवे असेल तर तेही ठेवता येते. पुढे ब्लेंडरमध्ये केलेल्या 'फ्लो' ह्या लाटवियन चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर मिळाले. ते डाव्या बटणामुळे मिळाले, असे मी म्हणत नाही. पण बटणाची बाजू बदलल्याने प्रोग्रॅम बुडाला नाही, एवढे खरे.

ही सगळी हकीगत मी सांगितली, तेव्हा ताई म्हणाली, "काका, एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? ओरडतात ते आत बसलेले लोक. जे दारातूनच परत गेले, त्यांची तक्रार कुणाच्या कानावर येते?"

मला हे फार मोलाचे वाटले. आपल्या दुकानात मदतीला मुली याव्यात, कळंबच्या, आर्णीच्या, बारावी झालेल्या, हाताशी मोबाईल असलेल्या, अशी तिची इच्छा. गेल्या वर्षी दोघी येऊन गेल्या. जुन्या पडद्यावरची चिमुकली, नाव नसलेली बटणे पाहून आठवड्यात दोघीही यायच्या थांबल्या. त्यांनी तक्रार केली नाही. आपल्यालाच जमत नाही, अशी समजूत करून घेतली आणि गेल्या. कॅन्व्हासारखी सोपी साधने २०१३ पासून आली आहेत. त्यांच्यावर गिऱ्हाईक स्वतःच घरी बसून वाढदिवसाचे कार्ड करते. कठीण हत्यारे कठीणच राहिली, तर ती शिकायला पुढची पिढी येणार नाही आणि दुकान मामांबरोबरच निवृत्त होईल.

ह्यावर मालक हळूच म्हणाले, "मग मामांनाच आता घरी बसवावं काय?"

खोलीत एकदम शांतता झाली. बटणांचा वाद कुठे येऊन पोहोचला, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आले. माणसाचे कसब त्याच्या बोटांत असते, आणि मांडणी बदलली की ते कसब एका रात्रीत शून्य होते. जो काल उस्ताद होता, तो आज कालच्या पोरीला विचारत बसतो. पगार तोच राहिला तरी मान तोच राहत नाही. शिवाय मामांकडे जे आहे, ते कोणत्याच बटणाखाली सापडायचे नाही. पत्रिकेचा मजकूर हाती आला की ते आधी विचारतात, आजोबा हयात आहेत ना? कारण हयात माणसाच्या नावाआधी 'कै.' छापले गेले, तर लग्न बाजूला राहते आणि मारामारी होते. 'चि. सौ. कां.' मधला कुठला पूर्णविराम गळला, हे त्यांना दहा हातांवरून दिसते.

ताई कोमेजली. म्हणाली, "बाबा, मी असं म्हटलं नव्हतं." आणि ते खरेच होते.

मला मत विचारले, तेव्हा मी आपल्या लिपीचीच गोष्ट सांगितली. नागरी लिपी छपाईला सोपी व्हावी म्हणून आपल्याकडे थोडे प्रयत्न झाले नाहीत. सावरकरांनी अ ची बाराखडी पुरस्कारली; इ, ई, उ ह्यांच्याऐवजी अि, अी, अु. खिळे वाचत होते, जुळाऱ्याचे श्रम वाचत होते. 'किर्लोस्कर' मासिकाने ती कित्येक वर्षे छापलीही. १९५३ साली लखनौच्या लिपिसुधार परिषदेने तर पहिली वेलांटीच उजवीकडे न्यावी, असे सुचवले. म्हणजे मामांचे भांडण तेव्हाच मिटले असते! पण ह्या सुधारणा टिकल्या नाहीत. यंत्राची सोय झाली, परंतु लाखो वाचकांच्या डोळ्यांनी जी सवय केली होती तिचा हिशेब कुणी धरला नव्हता. पुढे यंत्रच सुधारले, आणि माणसाला बदलण्याची गरज उरली नाही.

ह्यावरून मला असे वाटते की बदल तीन तऱ्हांचे असतात. पहिला रूपाचा, रंग, चित्रे, अक्षरांचा आकार. तो खुशाल करावा. लोक चार दिवस कुरकुरतात आणि विसरतात. दुसरा जागेचा; हे बटण इथून तिथे. तो जपून आणि क्वचित करावा, आणि करायचा तर एकदाच नीट करावा. दर वर्षी कपाट हलवू नये. तिसरा बदल बोटांचा. कोणती कळ दाबली की काय होते. तिथे नव्यासाठी नवी रीत मूळ धरावी, पण जुन्याला जुनी रीत ठेवण्याची मुभा द्यावीच. दार रुंद करायचे, म्हणून आतल्या माणसाला बाहेर काढायचे कारण नाही. जगातल्या ह्या मोठ्या प्रोग्रॅमवाल्यांना पुष्कळ शिव्या खाल्ल्यावर जे शहाणपण आले, ते बहुतेक हेच आहे.

हे बोलून मी घरी आलो. पुढचे काम ताईने केले, आणि मला ते माझ्या भाषणापेक्षा अधिक शहाणपणाचे वाटले. ती एक अख्खा दिवस वही घेऊन मामांच्या मागे बसली. मामा कोणत्या आज्ञा प्रत्यक्षात वापरतात, ते तिने एकेक करून टिपले. शेकडो आज्ञांतून वहीची दीड पानेसुद्धा भरली नाहीत! मग नव्या सॉफ्टवेअरमध्ये कळा आपल्या मनाप्रमाणे नेमण्याची जी सोय असते, ती वापरून तिने त्या दीड पानांतल्या आज्ञा मामांच्या जुन्याच कळांवर बसवल्या. कळफलकही त्यांच्यासाठी रेमिंग्टनच्या चालीचा बसवला. मामा वेलांटी आधी मारतात, आत मात्र ती युनिकोडच्या नियमाप्रमाणे अक्षरामागे नोंदली जाते. दिसायला 'कि' तो 'कि'. शेजारच्या यंत्रावर नव्या मुलींसाठी इन्स्क्रिप्ट आणि नावांसकट मोठी बटणे. जुने यंत्र फेकले नाही. पुढच्या आषाढापर्यंत ते कोपऱ्यात चालू राहणार आहे, कारण आषाढात लग्ने नसतात आणि चुकायला सवड असते.

मामांनी दोन दिवस नव्या पडद्याशी तोंड वाकडे केले. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने मोबाईलवरून पाठवलेला अख्खा मजकूर पुन्हा न टंकता पत्रिकेत उतरला, तेव्हा ते म्हणाले, "काहून जी, हे आधीच काहून नाही सांगतलं?" ताईने सांगितले होते, पण तिने ते त्यांना ऐकवले नाही. संध्याकाळी मामांनी त्या दोन मुलींपैकी एकीच्या वडिलांना फोन लावला. ती दिवाळीनंतर पुन्हा येणार आहे. यंत्र ताई शिकवील, आणि 'कै.' कुठे लावायचे नाही, ते मामा शिकवतील.

आता ह्या दिवाळीत तुमच्या घरीही नवी यंत्रे येतील. बाबांचा जुना मोबाईल जाईल आणि मुलगा मोठ्या हौसेने नवा आणील. हौस जरूर करावी. पण पहिल्या पडद्यावरची चित्रे जुन्या फोनवर ज्या जागी होती, त्याच जागी आधी लावून द्या. आईला फोन कुठला, फोटो कुठले आणि नातवाशी बोलायचे ते बटण कुठले, हे न विचारता सापडले पाहिजे. बाकी साऱ्या करामती नंतर, सावकाश, एका वेळी एक. शिकवताना 'एवढंही कळत नाही का' हे शब्द मात्र तोंडातून काढू नका. बटण चुकीच्या जागी असले तर चूक बटण लावणाऱ्याची असते, दाबणाऱ्याची नव्हे.